'बायवीकली' म्हणजे नेमकं किती वेळा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एकोणीस वर्षं मी औषधांची माहितीपत्रकं आणि यंत्रांच्या पुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणते आहे. इंग्रजी काटेकोर आणि मराठी ढोबळ, असं आपलीच माणसं सांगतात. माझा अनुभव अगदी उलट आहे.

अलीकडे एका मलमाच्या पत्रकात 'बायवीकली' लावा, अशी सूचना आली. शब्दकोशात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात: आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा. म्हणजे चौपटीचा फरक! इंग्रजीत लिहिणारा तो शब्द टाकून मोकळा झाला, मराठीत मला कुठला तरी एकच अर्थ लिहिणं भाग होतं. विचारलं, तर 'मुळात आहे तसंच ठेवा' असं उत्तर आलं. तसंच म्हणजे कसं? मग दोन्ही अर्थ सुटे लिहून पुन्हा विचारलं, तेव्हा कळलं की पंधरवड्यातून एकदा. मी दुसराच अर्थ धरून बसले होते.

आपला 'परवा'सुद्धा मागचा आणि पुढचा, दोन्ही दिवस दाखवतो. पण 'परवा आले' आणि 'परवा येईन' म्हटलं की क्रियापद शंका फेडतं. 'बायवीकली'च्या मदतीला कुणी येत नाही. 'मे नॉट'चंही तेच: परवानगी नाही, की कदाचित होणार नाही?

इंग्रजांची आणि अमेरिकनांचीही यात फसगत झाली आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण 'टेबल' करायचं होतं, म्हणजे तातडीनं चर्चेला घ्यायचं होतं. अमेरिकनांच्या लेखी 'टेबल' करणं म्हणजे बाजूला सारणं. कडाक्याचा वाद झाल्यावर उमगलं की दोघांना एकच गोष्ट हवी होती. हे खुद्द चर्चिल यांनी आठवणींत लिहून ठेवलं आहे. 'बिलियन' म्हणजे शंभर कोटी, हे ब्रिटिश सरकारनं स्वीकारलं तेही 1974 मध्ये. त्याआधी तिथे तो लाख कोटींचा होता.

फ्रेंचसाठी 1635 पासून अकादमी आहे, इंग्रजीला तसा कुणी धनी नाही. निदान औषध, करार आणि तारखा लिहिणाऱ्यांनी तरी असे शब्द टाळावेत, तारखेत महिना अक्षरात लिहावा, म्हणजे 3/4 हा तीन एप्रिल की चार मार्च, असा घोळ होणार नाही. आणि अनुवादकानं शंका विचारली की 'तुमचं इंग्रजी कच्चं दिसतंय' असं म्हणू नये. ते फार लागतं.

मराठी पत्रकात मी 'दर 14 दिवसांनी एकदा' असं लिहिलं. इंग्रजी पत्रकात अजून 'बायवीकली'च आहे.

आपली,
एक अनुवादक