चाळीस थेंबांचा हिशेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळेत लैंगिक शिक्षण असावे की नसावे, यावर आपल्या पत्रव्यवहारात बरेच दिवस वाद चालला आहे. नको म्हणणारे धर्म-संस्कृतीचा दाखला देतात, हवे म्हणणारे 'धर्मानेच लोकांना घाबरवून ठेवले' म्हणून मोकळे होतात. लैंगिक आरोग्याचे समुपदेशन हे आमचे रोजचे काम. धर्म नेमके काय म्हणतो आणि भीती नेमकी कुठून येते, हे दोन्ही बाजूंनी पाहिलेले दिसत नाही. एकाच गोष्टीवर लिहितो, कारण तिच्यावर मुंबईत रोज पैसे उकळले जातात: झोपेत वीर्य जाणे.

मराठीत याला 'स्वप्नावस्था' असा साधा शब्द आहे. लोकलच्या डब्यात दारावर चिकटवलेल्या कागदांनी तो मागे टाकला आणि 'स्वप्नदोष' रूढ केला. दोष म्हटला की औषध आलेच.

आता धर्म. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याला सांगितले आहे की, इच्छा नसताना स्वप्नात वीर्य गेले तर आंघोळ करावी, सूर्याची पूजा करावी आणि 'पुनर्माम्' ही ऋचा तीनदा म्हणावी. विषय संपला. जाणूनबुजून केले तर व्रत मोडते, असे लगेच आधीचा श्लोक म्हणतो. म्हणजे प्रश्न हेतूचा. इस्लाममध्ये हा एहतलाम, मुलगा वयात आल्याची खूण. त्यात गुन्हा नाही. गुस्ल म्हणजे सर्वांगाची आंघोळ करायची, मग नमाज. रमजानात दिवसा झोपेत झाले तरी रोजा मोडत नाही. कॅथलिक शिकवणीत मनाची संमती नसेल तिथे पाप नाही. हस्तमैथुनाला मात्र ती गंभीर पाप मानते. गिरगाव, डोंगरी, वांद्रे, कुठेही जा, धर्माची भाषा शुचितेची आणि हेतूची आहे. अशक्तपणाची, कंबरदुखीची, 'नस कमजोर' होण्याची नाही.

विधी सोपा असला तरी घर सोपे नसते, हेही सांगायला हवे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपलेली, पाणी पहाटे ठरल्या वेळी येणार, मोरी स्वयंपाकाच्या ओट्याला लागून. अशा घरात भल्या पहाटे डोक्यावरून पाणी घेणे म्हणजे दवंडीच. मग मुलगा आंघोळ टाळतो, म्हणून नमाजही टाळतो, किंवा देवघरापासून लांब राहतो, आणि दिवसभर अपराधी वाटून घेतो. यातला बराचसा अपराध जागेच्या टंचाईतून आला आहे. तो धर्माच्या खात्यावर मांडणे बरोबर नाही.

आजाराची भाषा वैद्यकातून आली. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र या सात धातूंत शुक्र शेवटचा, सगळ्यांचे सार. म्हणून ते गेले की सगळेच गेले, असा लोकसमज. (वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे, म्हणजे त्याच परंपरेने कामजीवनालाही पूर्ण शाखा दिली, पण डब्यातल्या कागदाला एवढे कुठले वाचन.) आणि ही भीती एकट्या भारताची नाही. स्वित्झर्लंडच्या लोझानमधील डॉक्टर तिसो यांनी १७६० मध्ये हस्तमैथुनावर ग्रंथ लिहून एक औंस वीर्य जाणे चाळीस औंस रक्त जाण्याहून वाईट ठरवले. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात 'स्पर्माटोरिया' (वीर्य आपोआप गळणे) नावाचा आजारच तयार झाला, त्यावर दवाखाने चालले. आपल्याकडे तालमी-वसतिगृहांत फिरणाऱ्या ब्रह्मचर्याच्या पुस्तिकांनी दोन्हीकडची भीती एकत्र कालवली, आणि तिला 'आपली संस्कृती' हे नाव पडले. भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० मध्ये या चिंतेला 'धात सिंड्रोम' म्हटले. चीनमध्ये आणि श्रीलंकेत तिची भावंडे आहेत, वेगळ्या नावांनी.

आपल्याकडच्या 'चाळीस थेंबां'चा हिशेब एकदा मांडून पाहा. चाळीस थेंब रक्तातून एक थेंब मज्जा, चाळीस थेंब मज्जेतून एक थेंब वीर्य, असे सांगतात. एका वेळी साधारण ३ मिली वीर्य जाते असे धरा. ३ गुणिले १६००, म्हणजे ४८०० मिली रक्त. प्रौढ माणसाच्या अंगात एकूण रक्त असते सुमारे ५ लिटर. हे खरे असते तर पहिल्याच रात्री प्रेत उचलावे लागले असते. 'शंभर थेंब रक्ताचा एक थेंब' हे सौम्य गणित घेतले तरी दर वेळी ३०० मिली, रक्तदानाच्या ३५० मिलीच्या पिशवीला जवळजवळ गाठते. वर्गात फळ्यावर हा गुणाकार केला की मुले हसतात, आणि हसली की ऐकतात. नंतर खरे सांगावे: वीर्याचा बहुतांश भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव असतो, शुक्रपेशी त्यात जेमतेम २ ते ५ टक्के. शुक्रपेशी तयार व्हायला सत्तरेक दिवस लागतात, पण कारखाना रोज चालू असतो. न वापरलेल्या पेशी शरीर जिरवून टाकते. साठवून ताकद वाढत नाही. वीर्यतपासणीच्या आधी २ ते ७ दिवसांचेच अंतर ठेवायला सांगतात, कारण फार दिवस लांबवले की पेशींची हालचाल मंदावते.

सर्वांत जास्त तक्रार येते ती 'लघवीतून धातू जाते' ही. जेवणानंतर लघवी काही वेळ अल्कधर्मी होते आणि त्यात विरघळलेले फॉस्फेट पांढरे दिसू लागते. स्वच्छ काचेच्या पेल्यात ती गढूळ लघवी घेऊन चार-पाच थेंब पांढरे व्हिनेगर टाकले आणि ढवळले, की फॉस्फेट असेल तर पाणी निवळते. माणसाच्या डोळ्यांसमोर हे करून दाखवले तर तासभराच्या बोलण्यापेक्षा जास्त काम होते. निवळले नाही, जळजळ असली, पिवळट पू दिसला, तर मात्र पेला बाजूला ठेवून लघवीची तपासणी करायची; तो संसर्ग असू शकतो. शौचाला जोर करताना चिकट थेंब येतो तो बहुधा प्रोस्टेटचा स्राव असतो.

इथे डॉक्टर लोकही चुकतात. 'काही नाही झालेय, मनाचे खेळ आहेत' म्हणून दोन मिनिटांत बाहेर काढलेला तरुण सरळ भोंदूकडे जातो, कारण तिथे निदान कुणी अर्धा तास ऐकून घेते. त्याचा थकवा खरा असतो, झोप उडालेली असते, बऱ्याचदा खाली नैराश्य असते. म्हणून आधी सगळे ऐकायचे, मग तपासायचे, लघवी आणि रक्तातली साखर पाहायची, शरीररचना चित्र काढून समजवायची, समजुतीला हात सर्वांत शेवटी घालायचा आणि दोन आठवड्यांनी परत बोलवायचे. नैराश्य असेल तर त्याचे उपचार वेगळे. तुळशीचे लग्न लागले की ही गर्दी वाढते. लग्न ठरलेला मुलगा 'धातू गेली, आता जमणार नाही' या धास्तीने पहिल्या रात्री स्वतःवरच पहारा ठेवतो. पहारा ठेवला की ताठरता जाते किंवा लवकर संपते, आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. मग तो पुडी घेतो. 'शुद्ध जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा औषधांत सिल्डेनाफिल (ताठरतेसाठी डॉक्टर देतात ते औषध) मिसळलेले अनेकदा सापडले आहे. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने अशी पुडी घेतली तर रक्तदाब एकदम कोसळतो, जीवही जाऊ शकतो.

बायकांकडे हीच समजूत 'अंगावरून पांढरे जाते' या वाक्यात राहते. थोडा पांढरट, बिनवासाचा स्राव रोज असतो, दोन पाळ्यांच्या मध्यावर तो वाढतो आणि ताणला जातो. दह्यासारखा आणि खाज असलेला, माशासारखा वास येणारा, किंवा हिरवट फेसाळ असेल तर तपासून घ्यावा, बहुतेक वेळा काही दिवसांच्या औषधाने बरे होते. पण हाडे झिजून पांढरे जाते, असे आजही सासू सुनेला सांगते, आणि सून कॅल्शियमच्या गोळ्या खात बसते.

हे सगळे मराठीत सांगणारा माणूस याच गिरगावात होऊन गेला. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले. डब्यातले कागद लावणाऱ्यांना मात्र अशी कोर्टाची पायरी क्वचितच चढावी लागते.

वास्तविक कायदा आहे. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४, कलम ३ नुसार लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास वर्षभरापर्यंत कैद. औषध नियमांच्या अनुसूची 'जे'मध्ये नपुंसकता, शीघ्रपतन आणि 'स्पर्माटोरिया' यांची नावे आहेत: हे बरे करतो असा दावा औषधाने करायचाच नाही.

डब्यात असा कागद दिसला तर फाडू नका, आधी फोटो काढा. त्यात औषधाचे किंवा दवाखान्याचे नाव, फोन नंबर आणि दाव्याचे शब्द वाचता आले पाहिजेत; डब्याचा क्रमांक, गाडीची वेळ आणि तारीख खाली लिहा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी द्या, तिची प्रत रेल्वेकडे द्या आणि पोच घ्या. घरात कुणाला शंका असेल तर सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये लैंगिक संसर्गाची तपासणी होते, आणि एचआयव्ही व लैंगिक संसर्गाच्या माहितीसाठी १०९७ हा क्रमांक मोफत आहे. शाळांनी आठवीच्या वर्गात निदान तो गुणाकार तरी फळ्यावर करावा. त्याला ना धर्माची हरकत आहे ना वेगळ्या पुस्तकाची गरज.

आपले,
लैंगिक आरोग्य समुपदेशक, परळ, मुंबई