तळ्यावरचं सोडून बाकी सगळं बाबांचं

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं, बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई लगेच "तुझा आवाज का बसलाय" यावर नेते. म्हणून लिहिते आहे. बाबा, चष्मा लावून वाचा आणि अर्ध्यात ठेवून कुंड्यांना पाणी घालायला उठू नका.

जे सांगायचं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर चार पानं इकडचं-तिकडचं लिहून मूळ मुद्दा राहूनच जाईल. आम्ही दोघांनी ठरवलं आहे की यापुढे मुलांना तळ्यावर कुणीही एकट्याने न्यायचं नाही. कुणीही म्हणजे मीसुद्धा आणि तुमचे जावईसुद्धा. पण हे वाचताना बाबांना त्यात स्वतःचंच नाव दिसणार, हे मला माहीत आहे. खोटं कशाला लिहू, तळ्याच्या पायरीवर तुम्हाला चक्कर आली, त्या दिवसामुळेच ठरवलं. तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत, ठमीने सांगितलं. "आजोबा खाली बसले आणि बोललेच नाहीत," म्हणाली. मी विचारलं, तेव्हा बाळ्या कुठे होता? तिला आठवेना. त्या "आठवेना"ने माझ्या दोन रात्री गेल्या.

तुम्ही निष्काळजी आहात असं माझ्या मनात चुकूनही नाही. मला आणि दादाला पोहायला कुणी शिकवलं? कमरेला दोरी बांधून, "पाय मार, रडतेस काय" म्हणत. (दादाची ती चप्पल अजून तिथेच तळाशी असेल.) पण तेव्हा तुम्ही चाळिशीचे होता, आणि दोरीचं दुसरं टोक नेहमी आईच्या हातात असायचं. हे मला परवा एकदम लक्षात आलं. आमच्या वेळी दर खेपेला दोन मोठी माणसं असायची. तुम्ही एकटे आम्हाला नेत होतात असं मला उगाच इतकी वर्षं वाटत होतं.

आणि बुडणारं मूल ओरडत नाही, बाबा. आपल्याला वाटतं हाका मारेल, हात हलवेल. तसं होत नाही. श्वास मिळवतानाच सगळा जीव जातो, ओरडायला हवा उरत नाही, आणि हात पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. काठावरून बघणाऱ्याला खेळतंय असंच वाटतं. मिनिटाच्या आत सगळं संपू शकतं, आणि बाळ्याएवढ्या पोराला वीतभर पाणीही पुरतं. म्हणून जवळचा माणूस हाताच्या अंतरावर लागतो, बाकावर बसलेला चालत नाही. ते दंडाला लावायचे फुगे तुम्ही हौसेने आणलेत, पण ते खेळणं आहे, त्यांच्या भरवशावर पोराला सोडायचं नसतं. मला स्वतःला चक्कर आली तर मीही काही करू शकणार नाही, म्हणून नियम सगळ्यांना सारखा. बास, हा विषय संपला. रागवा, पण रात्री आईला झोपू द्या.

आता माझी चूक. गेल्या उन्हाळ्यात तीन दिवसांत पाच ठिकाणं मीच कोंबली होती. आई, तू दोनदा "तुम्ही जाऊन या, मी गाडीत बसते" म्हणालीस आणि मला तेव्हा हायसं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते. तुझे गुडघे मला दिसायला हवे होते. त्याच सहलीत बाळ्या दुपारभर रडला, ठमी उलटी करून झोपली, आणि परत येताना कुणी कुणाशी बोललं नाही. घरी येऊन कपडे धुताना सुचलं की तुमचं आणि पोरांचं वेळापत्रक तर एकच आहे! सकाळी लवकर ताजेतवाने, अकराला थकलेले, दुपारी झोप हवी, दर तासाला जवळपास स्वच्छतागृह हवं, सावली हवी. जमत नाही ते आम्हा मधल्यांना. तेव्हा मोठी सहल बंद. महिन्यातून एक रविवार, अडीच-तीन तास, एकच जागा, आणि ती जागा सगळ्यात धाकट्या आणि सगळ्यात थोरल्या माणसाच्या मापाने निवडायची. आई, तुझ्यासाठी पाठ टेकायची घडीची खुर्ची घेतली आहे. पैसे विचारू नकोस.

उन्हाळ्यात तर सकाळी नऊला परत. बाबा, इथे तुमच्यासाठी ताकीद आहे. वय वाढलं की तहान उशिरा कळते, आणि तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत ती लघवी वाढवणारी आहे. म्हणजे पाणी जातं जास्त आणि मागितलं जातं कमी. पोरांचं अंग आपल्यापेक्षा लवकर तापतं, आणि खेळात त्यांना भानही नसतं. म्हणून ठमीला काम दिलं आहे: दर वीस मिनिटांनी ती स्वतः घोट घेणार आणि आजोबांना पाजणार. तिला "नंतर" म्हणायचं नाही. गोळी मात्र बाहेर जायचं म्हणून आपल्या मनाने चुकवायची नाही, पाणी किती प्यायचं हेही एकदा डॉक्टरांनाच विचारून घ्या. आणि बंद गाडीत कुणीही बसायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी तापते. आई, हे तुला.

बाकी दिवसभराचं काम घरच्या घरी. तुमच्या अंगणातल्या त्या खांबाची सावली. आठवतं का, तुम्ही खडूने खुणा करायचात आणि आई पुसायची? तेच पुन्हा सुरू करा. दर महिन्याच्या 21 तारखेला बाराच्या सुमारास, पंधरा-पंधरा मिनिटांनी ठमीने टोकावर खूण करायची. सगळ्यात आखूड सावली पडते तेव्हा सूर्य खरा माथ्यावरच्या रेषेत येतो, आणि ती वेळ बहुतेकदा घड्याळातल्या बारापेक्षा वेगळी निघते. माझ्या लहानपणी मला वाटायचं आपलं घड्याळच बिघडलंय. वर्षभराच्या खुणा राहिल्या तर डिसेंबरची सावली सगळ्यात लांब भरेल. पृथ्वी साडेतेवीस अंशांनी कललेली आहे म्हणून ऋतू होतात, हे तिला शाळेत पाठ करायला लावतीलच, पण त्याआधी तिने ते फूटपट्टीने मोजलेलं असू दे. तुम्ही टोपी घालून बसा, वाकायचं काम तिचं. खुणा या वेळी ऑइल पेंटने करा. आई पुसणार नाही, मी बोलले आहे तिच्याशी.

पावसाळ्याचं जास्त लिहीत नाही, कारण आई आधीच "शेवाळावर पडतील" म्हणते आहे आणि ती बरोबरच आहे. उतारावर, धबधब्याखाली आपण जाणार नाही. सपाट बागेत जायचं, पाऊस उघडल्यावर. पहिल्या पावसाचा वास मात्र चुकवायचा नाही. त्याला 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघा शास्त्रज्ञांनी पेट्रिकोर असं नाव दिलं. बाळ्याला ते म्हणता येत नाही, मृद्गंधही येत नाही, तो "माती उघडली" म्हणतो. मला त्याचंच आवडलं. गोगलगाय सापडली तर काचेच्या तुकड्यावर ठेवून खालून पाहायची, तिच्या पायावरून लाटा सरकताना दिसतात. आई, हे काम तुझं, खुर्चीत बसून. कडा घासलेली काच घ्या, नंतर गोगलगाय जागेवर ठेवा आणि हात साबणाने धुवा. आणि बाबा, वीज दिसल्यावर आकडे मोजायचा तुमचा खेळ आता जरा कडक करायचा आहे. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर, हे तुम्हीच शिकवलंत. तीसच्या आत गडगडाट आला तर खेळ तिथेच थांबवून आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. झाडाखाली तर मुळीच नाही, तुमची निळी छत्री कितीही मोठी असली तरी.

आता हिवाळा, आणि तो पूर्ण तुमचा. 13 डिसेंबरची रात्र मोकळी ठेवा. मिथुन राशीतल्या उल्कांचा वर्षाव 13-14 तारखेच्या आसपास ऐन भरात असतो, आणि पोरांच्या दृष्टीने हाच सोयीचा, कारण नऊ-दहापासूनच दिसायला लागतो. ऑगस्टमधला मध्यरात्रीनंतर चांगला दिसतो, वर ढग असतात, आणि बाळ्याला तेव्हा उठवणं म्हणजे वेगळाच वर्षाव. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून होतात. या डिसेंबरच्याचं मूळ मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहात आहे, तो 1983 मध्ये सापडला. हे तुम्हाला ठाऊक असेलच, तरी ठमीला तुम्हीच सांगा. मी सांगितलं की ती जांभई देते. तासाला शंभरावर दिसतात म्हणतात, पण तो हिशेब काळ्याकुट्ट, स्वच्छ आकाशाचा. आपल्याला दहा दिसल्या तरी पुष्कळ झाल्या. चंद्र मोठा असेल तर त्याहून कमी, मग नुसती नक्षत्रं बघू. डोळ्यांना अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेव्हा मोबाईल पिशवीत, आणि टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद.

त्या रात्री रोहिणी छान वर आलेली असेल. तिचा प्रकाश इथवर पोचायला सुमारे 65 वर्षं लागतात. बाबा, तुम्ही 72 वर्षांचे. म्हणजे आज डोळ्यात शिरणारा तो प्रकाश निघाला तेव्हा तुम्ही ठमीएवढे होतात, सात वर्षांचे. व्याधाचा साडेआठ वर्षांचा, तेव्हा ठमी जन्मलीही नव्हती. हा हिशेब मी परवा रात्री भांडी घासताना केला आणि मग तशीच ओल्या हातांनी उभी राहिले. मला गच्चीवर खांद्यावर घेऊन मृग दाखवताना तुम्ही "बाणाचं टोक धर" म्हणायचात, आणि मी खरंच हात लांब करायची. बाळ्या तेच करतो. मी त्याला शिकवलेलं नाही.

पण खांद्यावर घ्यायचं नाही हं. आडवं पडून बघायचं, आणि उठताना आधी बसायचं, मिनिटभर थांबायचं, मग कुणाचा तरी हात धरून उभं राहायचं. तुमची डॉक्टरांची तारीख मी पुढच्या मंगळवारची घेतली आहे, चक्करेचं त्यांना सांगायचं, "काही नाही, ऊन लागलं" असं नाही. मी बरोबर येणार. आई, जुने रिपोर्ट त्या लाल पिशवीत घालून ठेव.

तळ्यावर आपण जाऊच. मी, हे, आणि तुम्ही काठावर दोरीचं टोक धरून. दादा आला तर त्याला उतरवू, चप्पल शोधायला.

गरम पाण्याची पिशवी पाठवते आहे, आईने ती कपाटात जपून ठेवू नये.

तुमची
बाय

ता. क. बाबा, आजोबा रागावतील का, असं ठमी दोनदा विचारून गेली. मी नाही म्हणून सांगितलं आहे. मला खोटं पाडू नका.