खाडीच्या कारभारात कोळीवाडा कुठे?

महोदय,

ठाणे खाडीचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले, २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जाही मिळाला. अभयारण्याच्या सल्लागार समितीत मात्र एक गंमतशीर अडचण आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३३ब नुसार त्यात पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी हवेत. खाडीकाठच्या ऐरोली, घणसोली, दिवाळे, चेंदणी या कोळीवाड्यांत ग्रामपंचायतच नाही, महापालिका आहे. मग त्या तीन खुर्च्या कोणाच्या? याच कायद्यातल्या ‘समुदाय राखीव’ क्षेत्राची वाटही उपयोगाची नाही, ती खासगी किंवा सामुदायिक जमिनीसाठी आहे.

शासनाने नोंदणीकृत मच्छीमार सहकारी संस्थांनी निवडलेले प्रतिनिधी समितीवर घ्यावेत. त्यात चिंबोऱ्या, कालवे वेचणाऱ्या बायकाही हव्यात, नुसते होडीमालक नकोत.

या लोकांना आधी मोऱ्यांवर (बांध-रस्त्यांखालून भरतीचे पाणी ये-जा करते ते नळमार्ग) देखरेखीचे काम द्यावे. मोरी गाळाने किंवा भरावाने बुजली की पाणथळीत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही, ओहोटीला चिखल उघडा होत नाही आणि रोहितांची चरण्याची जागा जाते. उलट भरतीच आत पोहोचली नाही तर खारफुटी वाळते. म्हणून उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती), दोन्ही वेळी मोरीच्या दोन्ही बाजूंची पातळी मोजून तारीखवार नोंदवावी. एकाच बाजूचा आकडा निरुपयोगी. खारफुटीच्या चिखलातून वर येणाऱ्या श्वसनमुळांवर अडकलेले प्लास्टिक ओहोटीला हातानेच काढावे. यंत्राने रोपे उपटली जातात.

बारीक आसाच्या (छिद्रांच्या) बोक्षीवर, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्यावर, बंदी घालायची, तर तो ठराव आधी संस्थांच्या सभेत व्हावा. वरून आलेला फलक कोणी वाचत नाही.

– एक वाचक, ऐरोली