तुटलेलं अक्षर

म्हार्दोळ,
चवथीनंतर

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल दीड दिवसाचा गणपती पोचवला. गणपतीवर टांगलेली फळांची माटोळी अजून तशीच आहे, आई उतरवू देत नाही. तू आला नाहीस त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

चवथीच्या पहाटे चारला तुझा फोन, ‘पप्पा, प्रोग्राममधला दोष सापडला!’ आनंद झालाच, पण आधी धस्स झालं. चारला तू जागा का?

तू सांगितलेलं मी कागदावर मांडून पाहिलं. आपलं अक्षर असो, वेलांटी असो की अनुस्वार, प्रत्येकाला संगणकात ३ बाइट, म्हणजे तीन घरं जागा. प्रोग्राम ४०९६ बाइटचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकडा वेगळा अक्षरांत उलगडून फाइलीत लिहितो. ३ गुणिले १३६५ म्हणजे ४०९५. एक उरतो, त्याचे सोबती पुढच्या तुकड्यात, आणि सांध्यावर प्रश्नचिन्हं. मधे मोकळी जागा आली की हिशेब सरकतो, म्हणून चूक दर वेळी नव्या ठिकाणी. इंग्रजीला एकच बाइट, ते तुटणार कसं? ११ वर्षं मराठी नावंच तेवढी फुटत राहिली.

छापखान्यात मी मुद्रितं तपासायचो तेव्हा एका लग्नपत्रिकेत नवरीच्या नावावरचा अनुस्वार उडाला. तिचा बाप पत्रिका हातात घेऊन दारात उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. ४०० पत्रिका पुन्हा छापल्या. तू तेव्हा सहा वर्षांचा, स्टुलावर चढून छपाईच्या खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचायचास. ‘ग’ तू सरळपेक्षा उलटाच लवकर ओळखायचास.

स्वातीनं आईला सांगितलं, तीन रात्री झोपला नाही, जिन्यात चक्कर आली. अरे, ११ वर्षं राहिलेली चूक आणखी एक रात्र राहिली असती. वेळेवर जेव, अकराला दिवा बंद कर. अण्णांचं काय झालं ते तू पाहिलंयस.

परत शिकवायला लागलो, माफ कर. तुझ्या जागी मीही उठलो नसतो. अर्धं राहिलेलं अक्षर धरून ठेवायचं आणि पुढचा तुकडा आला की जोडून लिहायचं, हा तुझा उपाय मी शेजारच्या भटजींनाही समजावून सांगितला. त्यांना कळला.

पण चक्कर कशानं आली? डॉक्टरला दाखवलंस का?

प्रकाशच्या हाती नेवऱ्या आणि माटोळीतलं तोरिंजनाचं फळ पाठवतोय. पोचलं की फोन कर. दिवसा कर.

तुझे
पप्पा