सही-शिक्क्यापुरतं ट्रेनिंग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून एम.कॉम.च्या पोरांना ऑन जॉब ट्रेनिंग करावं लागतं, चार क्रेडिटचं, म्हणजे १२० तास. कल्पना झकास आहे, वादच नाही. पण माझं तालुक्याच्या गावात जीएसटी-इन्कम टॅक्सचं छोटं ऑफिस आहे आणि येणारी बरीचशी पोरं तोंडावर सांगतात, "सर, फक्त सही-शिक्का द्या, रिपोर्टचं मी झेरॉक्सवाल्याकडून बघतो." त्यांना तरी काय बोलणार, कॉलेजने हातात एक छापील पत्र टेकवलं, तुमचं तुम्ही शोधा म्हणून सांगितलं, नंतर पोरगा येतो का, काय करतो हे विचारायला साधा फोनपण नाही.

एक मुलगी मात्र खरंच बसली. इनपुट टॅक्स क्रेडिटची, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीची, व्याख्या कलमासकट पाठ! १४ तारखेला २बी (सप्लायरनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) डाउनलोड करून दिली आणि म्हटलं खरेदी रजिस्टरशी जुळव, तर अडकली, एक मोठं बिल दिसतच नव्हतं. सप्लायरने खरेदीदाराचा जीएसटी नंबरच चुकीचा टाकलेला. तिलाच फोन लावायला सांगितला, तो आधी भडकला, मग नरमला आणि पुढच्या आर-१ ला (विक्रीच्या रिटर्नला) दुरुस्ती टाकतो म्हणाला. भडकलेल्या माणसाकडून काम करून घेणं कुठल्या सिलॅबसमध्ये आहे सांगा.

विद्यापीठाने एवढं करावं की पोरं त्यांच्या सोयीने नाही, आमच्या कामाच्या तारखांना पाठवावीत. ११ ला आर-१, २० ला ३बी (कर भरायचं रिटर्न), म्हणजे ५ ते २० रोज चार-चार तास, असे दोन महिने केले की १२० तास आरामात होतात आणि दुसऱ्या महिन्यात पोरगं खरंच उपयोगाला येतं. कॉलेजच्या सरांनी एकदा तरी चक्कर मारावी. एसटी पासापुरते पैसे कमवा व शिका योजनेतून द्यावेत, डिग्रीनंतर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत (२०२४) पदवीधराला महिना १०,००० द्यायचं सरकारने ठरवलंच ना, मग शिकतानाच थोडे द्यायला काय हरकत आहे?

आणि मार्क रिपोर्टला देऊ नका. रिपोर्ट सगळ्यांचे सारखेच असतात, कव्हरचा रंग तेवढा वेगळा. व्हायवाला समोर एक २बी आणि एक खरेदी रजिस्टर ठेवा, अर्धा तास द्या, कोण ऑफिसात बसलं आणि कोणी शिक्का आणला ते परीक्षकाला लगेच कळेल.

– एक कर सल्लागार, संगमनेर