दगड सापडला, कबर नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अलिबाग तालुक्यातल्या एका गावात माझ्या पणजोबांची कबर आहे. आहे म्हणजे असणार. गेल्या फेब्रुवारीत त्यांच्या नावाचा दगड मला मिळाला, पण तो कबरीवर नव्हता. कबरस्तानाच्या गडग्याला टेकवून बावीस दगडांची थप्पी रचलेली आहे, तिच्यात होता. खाली माणूस नेमका कुठे आहे हे आता कुणालाच सांगता येत नाही. हे पत्र त्या थप्पीबद्दल आहे.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. कुलाब्यात, म्हणजे आताच्या रायगडात, आम्हाला शनवार तेली म्हणत. घाणा सहा दिवस चालायचा आणि शनिवारी बंद. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचले, सात पुरुष आणि सात बायका, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. बुडालेल्यांना तिथेच पुरलं. त्या जागी स्मारक आहे, माणसं आवर्जून जातात. पण नवगाव ते नवगाव. ज्या खेड्यांवरून आम्हाला पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशी आडनावं पडली, त्यांतल्या कितीतरी गावांत आज आमचं एकही घर उघडं नाही. १९४८च्या सुमारास भारतात आम्ही वीसेक हजार होतो. आता काही हजार उरलो. बाकीचे इस्रायलला: लोद, अश्दोद, दिमोना. पिढी मागे राहिली ती जमिनीखाली, आणि तिच्यावर घाणेरीचं रान.

पणजोबा मुंबईत गिरणीत होते. १९१८च्या मानमोडीच्या (इन्फ्लुएन्झाच्या) साथीत अंगात ताप घेऊनच ते बोटीने रेवसला उतरले आणि बैलगाडीने गावी आले. दिवाळीच्या तोंडावर गेले. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं आणि वडिलांनी मला: "विहिरीकडून आत शिरलं की उजव्या हाताला, बोरीखाली." नकाशा म्हणाल तर एवढाच. मोडीतला एक जुना उताराही वाचून घेतला, सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात कबरस्तानाची नोंद निघाली, पण सातबारा शेत कुणाचं ते सांगतो, शेतात कोण निजलंय ते नाही.

होळीच्या आधी गेले, कारण पावसात तिथे पाऊलही टाकता येत नाही. बरोबर भाचा आणि गावातले एक मामा, हातात कोयता. आत रानमोडी पुरुषभर उंच. मानमोडीने गेलेला माणूस रानमोडीखाली, हा भाषेचा योगायोग मला तिथे उभ्याउभ्या सुचला आणि भाच्याला सांगणार तेवढ्यात तो खाजकुयलीत शिरला. वाळलेल्या शेंगांची कूस अंगावर उडाली म्हणजे काय होतं ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. पुढचा तासभर शोधकार्य विहिरीवरच चाललं.

विहिरीकडून आत, उजव्या हाताला. बोर नव्हती. दगडही नव्हता. नुसती सपाट जमीन आणि तिच्यावर दोन पावसाळ्यांचं रान. मग मामांनी गडग्याकडे बोट दाखवलं.

थप्पीतले दगड सगळे इथलेच, काळे. त्यांवरची अक्षरं भर दुपारी अजिबात दिसत नाहीत. वर मराठी, खाली हिब्रू, दोन्ही झिजलेली. मी घरून हातभर आरसा नेला होता. दगड सावलीत धरायचा, आरशाने उन्हाची तिरीप कडेने, अगदी आडवी पाडायची. मघाशी कोऱ्या वाटलेल्या दगडावर एकेक काना, एकेक वेलांटी सावली टाकत उठून येते. माती पाणी आणि मऊ ब्रशने काढली. तारेचा ब्रश नाही, ॲसिड नाही. अक्षरांत पीठ किंवा खडू चोळायचा सल्लाही मला एकाने दिला होता, तोही मानला नाही.

खरं तर तो दगड मी आधी हातात घेऊन बाजूला ठेवला होता. दोन कारणांनी. एक, नाव जुळेना. मुंबईतली पहिली मशीद (सिनेगॉगला आमचे जुने लोक मशीदच म्हणत) १७९६ साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हेच सामाजी हसाजी, हे आम्हाला पाठ असतं. पण आपल्याच घरातला माणूस गिरणीच्या कागदावर एका नावाने आणि गावच्या दगडावर दुसऱ्या नावाने असेल हे मला सुचलं नाही. दुसरं कारण सालाचं. इसवी सनात ३७६० मिळवले की हिब्रू साल येतं, म्हणून मी वहीत ५६७८ लिहून नेलं होतं. दगडावर अक्षरं होती ताव, रेश, आयिन, तेत. चारशे, दोनशे, सत्तर, नऊ. पाच हजार लिहीत नाहीत, धरून चालतात. म्हणजे ५६७९. एका वर्षाने चुकलं, म्हणून दुसरा कुणी असणार.

रात्री फोटो अश्दोदला आतेबहिणीला पाठवला. ती हसायलाच लागली. "अगं, दिवाळीच्या तोंडावर गेले ना? मग नव्याचा सण होऊन गेला होता की!" आमचं वर्ष भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास बदलतं, १९१८ साली ते ७ सप्टेंबरला बदललं. दगडावर महिना हेश्वान होता आणि त्या वर्षी हेश्वान लागला ७ ऑक्टोबरला. पणजोबांच्या वडिलांचं नाव जुळलं, महिना जुळला, वयही जुळलं. दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा तो दगड हातात घेतला. कबर शोधणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून एवढं लांबण लावून लिहिलं: ३७६० मिळवा, पण मृत्यू सप्टेंबर ते डिसेंबरमधला असेल तर ३७६१ही करून बघा.

आता थप्पीची हकीकत. दोन वर्षांपूर्वी गावातल्या मुलांनी वर्गणी काढली, जेसीबी आणला आणि एका दिवसात कबरस्तान लख्ख केलं. बोर गेली, घाणेरी गेली, उंचवटे गेले. सुटे दगड मशीनखाली येऊ नयेत म्हणून मुलांनी ते स्वतः उचलून गडग्याला नीट लावून ठेवले. गडग्याला चुनाही दिला. ज्यांचं कुणी येत नाही त्यांच्या जागेसाठी या मुलांनी स्वतःच्या खिशातले पैसे घातले. सरपंचांनी आम्हाला घरी नेऊन चहा दिला. त्यांतला एक मुलगा मला मोठ्या अभिमानाने म्हणाला, "काकू, आम्ही एकही दगड फोडला नाही." खरं होतं ते. मी काय बोलणार? थँक्यू म्हटलं.

पण संपादक महोदय, कबरीचा दगड म्हणजे पत्त्याची पाटी. पाट्या सगळ्या जपल्या आणि घरं मोडली, असं झालं. फुटलेला दगड जागेवर असता तर मला चालला असता.

हे आमच्यापुरतंच नाही. ख्रिस्ती बांधवांच्या जुन्या दफनभूमी, लिंगायतांच्या समाध्या, गावाबाहेरच्या गोसाव्यांच्या समाध्या, सगळीकडे आता स्वच्छता आणि सुशोभीकरण चालू आहे. मद्रासेत साहेबलोकांच्या थडग्यांवरचे लेख १९०५ सालीच यादी करून छापले गेले. कोकणातल्या तेल्यांच्या कबरींची अशी यादी माझ्या तरी पाहण्यात नाही. जे आहे ते दगडावर आणि दगडाच्या जागेवर.

म्हणून ज्यांच्या हातात कोयता आहे त्यांना माझी विनंती अशी की तो जरा थांबून चालवा. आधी गडग्याच्या कोपऱ्यापासून टेप धरून प्रत्येक दगडाचं अंतर वहीत मांडा, आकडा टाका आणि त्याच आकड्याने फोटो काढा. नुसतं मोबाईलचं लोकेशन पुरत नाही. ते चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं आणि तेवढ्यात दोन-तीन कबरी मावतात. मग झुडपं जमिनीलगत छाटा, मुळापासून उपटू नका. मुळांबरोबर दगड हलतो. आग तर लावूच नका, तापला की दगडाचे पापुद्रे सुटतात. अक्षरांवर ऑइलपेंट फिरवू नका. पडलेला दगड पडलेलाच राहू द्या. जेसीबीचं भाडं वाचेल त्यात दोन गडी चार दिवस येतात.

आणि ज्यांच्या घरी जुने फोटो आहेत, आजीच्या कबरीपाशी उभं राहून काढलेले वगैरे, त्यांनी ते पुन्हा एकदा काढून पाहावेत. माणसांच्या मागे काय दिसतं ते बघा. एखादी विहीर, एखादी बोर. अश्दोदची बहीण तिच्या आईच्या पेटीत सध्या तेच शोधते आहे.

कदीश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. आमच्यात पुरुष दोन, भाचा आणि मामा, आणि मामा आगरी. तेव्हा ते राहिलंच. कबरीवर खडा ठेवायची आमची रीत आहे, तो मात्र मी मुंबईहून निघतानाच पर्समध्ये टाकला होता. मामांनी विचारलं, "ताई, कुठं ठेवायचा?" मी विहिरीकडून आत शिरले, उजव्या हाताला वीसेक पावलं गेले आणि अंदाजाने ठेवला. भाचा म्हणाला अजून थोडं पुढे, म्हणून एक त्याने तिथे ठेवला.

शेजारच्या गावातल्या कबरस्तानाचीही पावसाळ्याआधी सफाई करायचं ठरतंय असं कळलं. मी टेप, वही, सुतळी आणि आरसा घेऊन जाणार आहे. कुणी सोबत येणार असेल तर हवंच आहे.

ता. क. पत्राखाली माझं नाव छापू नये. आमच्यात आडनाव म्हणजेच गाव. ते छापलंत तर गाव कळेल, आणि त्या मुलांना कुणी बोल लावलेला मला चालणार नाही.

— आपली एक वाचक, ठाणे