जुन्या गाडीच्या जाहिरातीत तिचा नंबर झाकू देऊ नका

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

कापूस-तुरीचे चुकारे हाती पडले आणि लग्नसराई तोंडावर आली की यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी, मारेगाव, पांढरकवडा, राळेगावकडे जुन्या गाड्यांची खरेदी सुरू होते. पूर्वी गाडी तालुक्यातली, फार तर नागपूरची असे आणि विकणाऱ्याचे घर माहीत असे. आता ती पुण्याची, हैदराबादची नाहीतर दिल्लीची असते आणि पहिल्यांदा दिसते ती मोबाइलवर. दहा-बारा फोटो, खाली 'फर्स्ट ओनर, शोरूम कंडिशन', आणि नंबर प्लेटवर मारलेला पांढरा पट्टा.

हा पट्टा काढायला लावा, ही आम्हा गाडी-मिस्त्रींची पहिली मागणी आहे. बाकीच्या मागण्या त्यातूनच निघतात.

नंबर कळला की 'एम-परिवहन' अ‍ॅपवर दोन मिनिटांत नोंदणीची तारीख, इंधन, गाडीचा वर्ग, विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. कर्जाचा बोजा आहे का, तेही कळते. मालकाचे पूर्ण नाव तिथे दिसत नाही, त्यामुळे नंबर दाखवल्याने कोणाचे खासगी काही उघडे पडते हा विक्रेत्यांचा बचाव टिकत नाही. उलट नंबर झाकलेला असतो तेव्हाच 'आधी टोकन टाका, मग आरसी पाठवतो' ही भाषा सुरू होते. मिलिटरीतला आहे, बदली झाली, गाडी पार्सलने पाठवतो, गेटपासचे पैसे भरा, ही फसवणूक खेड्यापाड्यांत अजून चालते. पैसे गेल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर रक्कम गोठवली जाण्याची थोडीफार शक्यता असते, पण हा नंबर कितीजणांना ठाऊक आहे?

दुसरा मुद्दा मीटरचा. डिजिटल मीटर मागे घ्यायला स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीचा कॉम्प्युटर तपासायच्या जोडणीला) मशीन जोडावी लागते, काही गाड्यांत मीटर खोलून आतली मेमरी चिप वाचावी लागते. काम तासाभराचेही नसते. कोळसा खाणींच्या पट्ट्यात ठेक्यावर चालून दीड-दोन लाख किलोमीटर झालेली गाडी जाहिरातीत ६२,००० ची होते. मिस्त्रीला ती ओळखता येते. ब्रेक आणि क्लच पेडलचे रबर एका कडेने झिजलेले, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलेली, स्टिअरिंग गुळगुळीत, एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यात काळी बारीक धूळ दबलेली. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात. '३२२३' म्हणजे २०२३ च्या ३२व्या आठवड्यात बनलेला टायर. २०२० च्या गाडीचे चारही टायर २०२३ चे आणि मीटर ३०,००० दाखवत असेल, तर विचारायलाच हवे. पण हे सगळे गाडी समोर असेल तर. फोटोत पेडलचे रबर कोणी दाखवत नाही, आणि विक्रीआधी ते शे-दोनशे रुपयांत नवे टाकलेलेही असते.

याला उपाय आपल्याच खात्याच्या हातात आहे. पीयूसी केंद्रांना मान्यता आपले खाते देते. गाडी दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तिथे जातेच आणि नंबर प्लेटचा फोटो तिथे काढला जातोच. त्याच वेळी मीटरचे रीडिंग नोंदवायला लावा आणि ते गाडीच्या नंबरवर सगळ्यांना दिसू द्या. २०२२ ला ८४,०००, २०२३ ला १,०१,००० आणि २०२४ ला ५८,००० अशी ओळ समोर आली की मिस्त्रीची गरजच उरत नाही. मीटर मागे घेण्याचा धंदा त्या नोंदीपुढे फार दिवस टिकणार नाही, अशी आमची खात्री आहे.

मीटरपेक्षाही जास्त नुकसान करते ती पाण्यात बुडालेली गाडी. जुलै २०२२ च्या पुरात वर्धा, चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांत पाणी शिरले. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत उभ्या गाड्या बुडाल्या. अशी गाडी धुऊन, वाळवून, सीट कव्हर बदलून विकायला येते तेव्हा ती चकचकीत दिसते. बिघाड सुरू होतो तो पुढच्या पावसाळ्यात. वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा गंज चढतो, एअरबॅगचा दिवा लागतो, मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जातो, आणि त्या बिलात अर्धी गाडी येते. तपासायचे असे: पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा आणि आतल्या भागावर मातीची आडवी रेघ आहे का पाहायचे. सीट मागे सरकवून रेलवर गंज पाहायचा. डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात बोट फिरवायचे. डॅशबोर्डखालचा फ्यूज बॉक्स उघडून गाळ बघायचा. अत्तराचा वास जरा जास्तच दरवळत असेल तर पायाखालचे कार्पेट उचलल्याशिवाय गाडी घेऊ नये.

बुडालेल्या किंवा मोठ्या अपघातातल्या गाडीचा विमा कंपनी 'टोटल लॉस'चा दावा देते, गाडी भंगार म्हणून लिलावात जाते आणि तिथून दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येते. कंपनीकडे याची नोंद असते, खरेदीदाराला मात्र ती दिसत नाही. कंपन्यांकडून ही माहिती घेऊन गाड्यांच्या नोंदणीच्या 'वाहन' प्रणालीत त्या नंबरसमोर शिक्का मारायला केंद्राला भाग पाडा. राज्याने जोर लावला तर हे होऊ शकते.

आता कायद्याचे. केंद्राने १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घेणे बंधनकारक केले. मालकाने गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९-सी भरून तशी सूचना द्यायची, आणि गाडी विकली जाईपर्यंत जबाबदारी व्यापाऱ्याची. नियम चांगला आहे. पण आमच्या भागातल्या खरेदीदाराला अधिकृत व्यापारी कोण हे कळायला मार्ग नाही. प्रत्येक परिवहन कार्यालयाने आपल्या जिल्ह्यातली यादी मराठीत दारावर आणि संकेतस्थळावर लावावी, आणि ऑनलाइन जाहिरातीत अधिकारपत्राचा क्रमांक नसेल तर ती जाहिरात बेकायदा धरावी.

विकणारा शेतकरीही यात अडकतो. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, पैसे घेऊन तो मोकळा होतो, आणि गाडी तीन हात बदलून जाते तरी नाव त्याचेच राहते. अपघात झाला तर भरपाईचा दावा नोंदणीकृत मालकावर येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत कळवण्याची जबाबदारी विकणाऱ्याचीही आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. कोऱ्या फॉर्मवर सही करून देणे तर आमच्याकडे रिवाजच झाला आहे.

परराज्यातली गाडी स्वस्त का दिसते, तेही जाहिरातीत येत नाही. फॉर्म २८ ची एनओसी आणली तरी इथला रस्ता कर गाडीच्या वयाप्रमाणे भरावा लागतो आणि १२ महिन्यांत इथला नंबर घ्यावा लागतो. तिकडच्या कराचा परतावा मागायचा तर पुन्हा तिकडच्याच कार्यालयात. कर्जाची गाडी असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ शिवाय बोजा उतरत नाही. हप्ते फिटले एवढे तोंडी सांगणे पुरत नाही. विमा नावावर करून घेतला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावाही फेटाळला जातो.

शेवटची मागणी आमच्या कामाच्या सगळ्यात जवळची आहे. आपल्या खात्याची तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे होतात. त्यांत जुनी गाडी तपासून देण्याची सोय करा. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरवर आहे. तिथल्या माणसाला ऑनलाइन विक्रेत्याच्या 'सात दिवसांत गाडी परत' या अटीचा काय उपयोग, जर परत द्यायला नागपूर गाठावे लागत असेल? शिबिरात मोटार वाहन निरीक्षकाने चेसिस आणि इंजिन नंबरवरची धूळ पुसून तो पाहावा, खोदकाम ताजे आहे का बघावे. सोबत गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारा एक स्कॅनर आणि रंगाची जाडी मोजायचे यंत्र द्या, दोन्ही काही हजारांत येतात. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. ३००-४०० च्या वर गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. एखाद्या दाराचे चालून जाते, पण छताच्या खांबावर (पिलरवर) किंवा बॉनेटखालच्या बाजूच्या पत्र्यावर (पुढच्या अ‍ॅप्रनवर) तसा आकडा आला तर गाडी जोरात ठोकलेली आहे. स्कॅनरवर एकही एरर नाही आणि गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच करतो त्या रेडिनेस चाचण्या मात्र अपूर्ण दिसतात, तर एरर नुकत्याच पुसल्या आहेत, किंवा बॅटरी काढून लावली आहे. अशी गाडी शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करावी. इंजिन थंड असतानाच चालू करून बघावे. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर बॉनेटला हात लावून कळते. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण उघडले आणि धूर भकाभका बाहेर आला, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, म्हणून एसी आणि रेडिएटरचा पंखा भर दुपारी तपासावा. सकाळच्या ट्रायलमध्ये दोन्ही ठीकच वाटतात.

तपासणीचा दाखला मराठीत, एका पानावर, सही-शिक्क्यासह द्या. वाजवी फी लावा, लोक देतील. शिबिरात गाडी रॅम्पवर घ्यायला आणि खालून दाखवायला आम्ही येऊ. पुढच्या हंगामाचे चुकारे सुरू होण्याआधी यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या निदान एकेका तालुक्यात हे सुरू करावे, ही विनंती.

आपले,
वणी, मारेगाव, पांढरकवडा आणि राळेगाव भागातले गाडी-मिस्त्री